विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील आणि लोक अदालत: कोर्टाच्या हुकूमनाम्याचे हप्ते पाडून घेतले, माझा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

रिव्ह्यू लांब आहे हे आधीच सांगते. कोर्टाने पैसे भरा म्हणून निकाल दिला आणि आपल्याकडे एकदम भरायला नसले तर काय करायचं हे मी रात्र रात्र मोबाईलवर शोधलं, मराठीत धड काहीच सापडलं नाही, सगळीकडे बँकेच्या लोन सेटलमेंटच्या जाहिराती. म्हणून माझ्यावर जे झालं ते सगळं लिहितेय. आमचं कोर्ट तालुक्याचं आहे, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, वकील मॅडमचंही नाही.

आमचं रेडिमेड कपड्यांचं छोटं दुकान होतं. दुकान माझ्या नावावर, बसायचे मिस्टर. २०१८ ला मिस्टरांचं मोठं आजारपण निघालं, चार महिने शटर बंद राहिलं आणि दुकान गेलं ते गेलंच. होलसेलवाल्या शेठचे २,३८,००० उधारीचे राहिले. माल घेतला होता, पैसे द्यायचेच होते, त्यात माझं दुमत कधीच नव्हतं आणि आजही नाही. शेठने २०१९ ला दावा लावला, दावा माझ्या नावाने कारण बिलं माझ्या नावाची. समन्स आलं तेव्हा मिस्टर म्हणाले आपण शेठला जाऊन भेटू, मिटेल, कोर्टात कशाला जायचं. गेलो नाही. २०२२ ला एकतर्फी हुकूमनामा झाला, म्हणजे आम्ही हजर नसतानाच पैसे भरा असा कोर्टाचा आदेश निघाला, मुद्दल अधिक दाव्याच्या तारखेपासून ९ टक्के व्याज अधिक दाव्याचा खर्च. २०२३ ला त्याची वसुलीची दरखास्त (म्हणजे हुकूमनाम्याचे पैसे वसूल करून द्या असा शेठचा कोर्टात अर्ज) लागली तेव्हा आकडा ३,३७,८८० झाला होता.

समन्स आलं की कोर्टात जा, हे मी हात जोडून सांगते. का ते मला फार उशिरा कळलं. निकाल देतानाच कोर्ट योग्य कारण दिसलं तर हप्ते बांधून देऊ शकतं, तेव्हा समोरच्याची परवानगी लागत नाही. आपण हजरच नसलो तर मागणार कोण? आणि निकालानंतर हप्ते मागायचे तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो आणि तेव्हा समोरच्याची संमती लागते. माझे दोन्ही दरवाजे बंद झाले होते. उरली तडजोड.

त्या काळात शेठचा वसुलीवाला रात्री साडेआठ नऊला दारात उभा राहायचा. मोठ्याने बोलायचा, शेजारच्या काकू खिडकीत यायच्या, माझी मुलगी आतल्या खोलीत जाऊन बसायची. "बाईमाणूस म्हणून थांबलोय, नाहीतर जेलात बसवलं असतं" असं मला दोनदा म्हणाला. त्या भीतीने मी महिना १५,००० द्यायचं कबूल केलं. कुठून देणार याचा विचारच केला नाही, फक्त तो माणूस दारातून जावा एवढंच मनात होतं. पहिला हप्ता फोनपेने दिला, बचत गटातून उचलून. दुसरा रोख दिला, कानातले मोडून, पावती मागितली तर म्हणाला शेठच्या वहीत लिहितो. तिसरा देता आला नाही. मग काही दिवसांनी कोर्टाचा बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन आला आणि वॉरंटवर आकडा पूर्ण, आम्ही दिलेले ३०,००० कुठेच नाहीत.

मधे मी अजून एक चूक केली. मोबाईलवर जाहिरात बघून एका सेटलमेंटवाल्या कंपनीला ४,९९९ भरले. फोनवरच्या मुलाला हुकूमनामा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, सारखा क्रेडिट कार्ड कुठल्या बँकेचं विचारत होता. ते पैसे बुडाले. गावातल्या वकिलांनी २५,००० फी सांगितली, त्यांची फी रास्त असेल पण माझ्याकडे नव्हती.

विधी सेवेचं मला बेलिफनेच सांगितलं. बेलिफ म्हणजे राक्षस असेल असं वाटलं होतं, पण सकाळी अकराला आले, शांतपणे बसले, पाणी प्यायले, यादी केली, टीव्ही, फ्रीज, स्कूटी आणि माझ्या दोन शिलाई मशीन. मशीन लिहिल्या तेव्हा मी रडायलाच लागले, दुकान गेल्यापासून घर त्या मशीनवर चाललंय. जाता जाता ते म्हणाले ताई, कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं ऑफिस आहे, बायकांना फुकट वकील मिळतो, उद्याच जा.

दुसऱ्या दिवशी गेले. अर्ज साधा आहे, त्यांच्याकडेच छापील मिळतो, मराठीत. आधार, वॉरंटची झेरॉक्स, हुकूमनाम्याची नक्कल एवढं लागलं. मी उत्पन्नाचा दाखला काढायला निघाले होते तर तिथल्या क्लार्कनी थांबवलं, बाईला उत्पन्नाची अटच नाही म्हणाले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्यात बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतली माणसं अशा काही गटांना उत्पन्न न बघता मदत आहे, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा असते. ऑफिस कुठे ते माहीत नसेल तर १५१०० हा हेल्पलाईन नंबर आहे.

आता एक स्टार का कापला ते. वकील नेमून मिळायला तीन आठवडे लागले आणि तोपर्यंत वॉरंट डोक्यावर. आणि जे पहिले वकील मिळाले ते फोनच उचलायचे नाहीत, एका तारखेला आलेच नाहीत, मी एकटी उभी राहिले आणि कोर्टासमोर काय बोलायचं कळेना, साहेबांनी पुढची तारीख दिली म्हणून वाचले. मला वाटलं फुकट आहे तर तक्रार कशी करायची. पण करता येते. साध्या कागदावर वकील बदलून मागायचा अर्ज दिला, कारण लिहिलं, आठ दिवसांत दुसऱ्या मॅडम मिळाल्या. ज्यांना असा अनुभव येईल त्यांनी गप्प बसू नका, आणि पॅनलवरच्या, म्हणजे विधी सेवेने नेमून दिलेल्या वकिलाला आपण फी द्यायची नसते, ती प्राधिकरण देतं, कुणी मागितली तर ऑफिसला जाऊन सांगायचं. मॅडमनी माझ्याकडून चहासुद्धा घेतला नाही.

मॅडमबद्दल किती लिहू. वयाने माझ्यापेक्षा लहान असतील, पण पहिल्याच भेटीत त्यांनी आधी मला विचारलं, ताई, रात्री झोप लागते का? मी नाही म्हटलं, जेलची भीती वाटते म्हटलं. त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं पुस्तक उघडून कलम ५६ माझ्यासमोर वाचलं, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. सरळ लिहिलंय. इतके महिने तो माणूस मला खोटं सांगत होता! मग कलम ६० वाचलं, त्यात काय काय जप्त करता येत नाही ते आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण पांघरूण, आणि बाईच्या अंगावरचे असे दागिने जे धर्माच्या रीतीप्रमाणे तिला काढता येत नाहीत, म्हणजे माझं मंगळसूत्र. आणि कारागिराची हत्यारं. मॅडम म्हणाल्या शिलाई मशीन हे तुमचं हत्यार आहे, आपण हरकत घेऊ. घेतली, बचत गटाचं पत्र आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही जोडली, आणि दोन्ही मशीन यादीतून निघाल्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी कोर्टाच्या माणसालासुद्धा जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही हेही तेव्हाच कळलं, आणि रात्री येणाऱ्याकडे तर कोर्टाचा कागदच नसायचा. तो परत आला तेव्हा मी दारातूनच म्हटलं, जे असेल ते आमच्या वकील मॅडमशी बोला. नंतर आला नाही.

पुरुषांच्या बाबतीत काय असंही विचारून घेतलं, कारण माझ्या भावाचंही एक प्रकरण आहे. पुरुषाला दिवाणी कैद होऊ शकते, पण आधी कारणे दाखवा नोटीस येते आणि निव्वळ पैसे नाहीत म्हणून आत टाकता येत नाही, पैसे असून देत नाही किंवा मालमत्ता लपवली असं काही दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. आणि नोकरी असेल तर अख्खा पगार जप्त होत नाही, पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात, म्हणजे २५,००० पगाराला १७,००० हातात राहतात, जास्तीत जास्त ८,००० कापता येतात, तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच. पोटगीचा नियम मात्र वेगळा. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावता येत नाही. उलट बाजूही सांगते, आमच्या गल्लीत सगळे सांगत होते की तीन वर्षं काढा, मग हुकूमनामा रद्द होतो. साफ चूक. हुकूमनाम्याची वसुली १२ वर्षांपर्यंत लावता येते आणि तोपर्यंत व्याज चढत राहतं.

आता मुख्य गोष्ट. मॅडम म्हणाल्या, शेठना किती देणार हे आत्ता सांगू नका, आधी घरचा हिशोब लिहून आणा, एक महिन्याचा, खरा. मी म्हटलं १०,००० तरी बोलावे लागतील, नाहीतर शेठ ऐकणार नाहीत. त्या जरा रागावल्याच. म्हणाल्या, मागच्या वेळी शेठ ऐकतील असा आकडा बोललात आणि तिसऱ्या महिन्यात मोडलं, आता तुम्हाला झेपेल तो आकडा बोलायचा आणि त्याला कागदाचा आधार द्यायचा. हे वाक्य मी कितीजणींना सांगितलंय.

मग मी आणि मिस्टर दोघं बसलो, दुकान गेल्यानंतर पहिल्यांदाच आम्ही पैशाबद्दल न भांडता बोललो. माझी शिलाई सरासरी ९,५००, मिस्टर टेम्पोवर ड्रायव्हर त्यांचे १५,०००, एकूण २४,५००. घरभाडं ४,५००, किराणा, दूध, गॅस धरून ७,०००, मुलीची शाळा आणि व्हॅन २,२००, सासूबाईंची औषधं १,४००, लाईट बिल ९००, रिचार्ज ५००, बचत गटाचा हप्ता १,०००. झाले १७,५००. उरले ७,०००. मी लगेच म्हटलं ७,००० देऊ. मॅडमनी १,००० खाली ओढले, कुणाला ताप आला, गाडी पंक्चर झाली, पाहुणे आले, त्याला काय करणार? म्हणून ६,०००. आणि त्यांनी माझी वही चाळताना एक गोष्ट पकडली जी मला स्वतःला सुचली नव्हती, की जून ते ऑगस्ट माझं काम निम्म्यावर येतं, लग्नसराई संपलेली, सणांची शिलाई यायची असते. मग हप्ता सारखा कशाला ठेवायचा? जून, जुलै, ऑगस्ट ३,००० आणि बाकीचे नऊ महिने ७,०००. वर्षाचे तेवढेच ७२,००० होतात पण मोडायची भीती जाते. शेतीवाल्यांनी, हंगामी काम करणाऱ्यांनी हे नक्की मागा.

प्रकरण डिसेंबर २०२३ च्या राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवलं, तिथे दोन्ही बाजूंना समोर बसवून तडजोडीने प्रकरणं मिटवतात. वर्षातून चार वेळा असते ती. त्या दिवशी कोर्टात जत्रेसारखी गर्दी, बँकांची टेबलं, पतसंस्थावाले, वीज बिलवाले, अपघाताच्या केसेस, बसायला जागा नाही, प्यायच्या पाण्याचा एक जार आणि त्याला ग्लास नाही. आमचा नंबर दुपारी तीनला लागला. पॅनलवर न्यायाधीश साहेब, एक वकील आणि एक समाजसेविका.

शेठ स्वतः आले होते, चार वर्षांनी समोरासमोर. पहिलं त्यांनी अर्धे आज आणि अर्धे सहा महिन्यांत असं मागितलं. मॅडमनी हिशोबाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि एकेक विचारलं. हुकूमनामा ताईंवर, त्यांना पगार नाही म्हणजे पगाराची जप्ती नाही. घर भाड्याचं. मशीन घेता येत नाहीत. बाईला अटक नाही. जुना टीव्ही, फ्रीज आणि आठ वर्षांची स्कूटी लिलावात किती येतील? आणि दरखास्त चालवायला वकिलाची फी, तारखा, तुमचं दुकान सोडून येणं. त्यापेक्षा महिन्याच्या महिन्याला खात्यावर येणारे पैसे बरे नाहीत का? हे सगळं त्या अगदी आदराने बोलल्या, एकदाही आवाज चढवला नाही. मग समाजसेविका बाईंनी मला बोलायला सांगितलं. मी एवढंच म्हटलं, शेठ, तुमचे पैसे बुडवायचे नाहीत, जेवढं जमतं तेवढं लिहून दिलंय, जे जमत नाही ते या वेळी बोलणार नाही. शेठ बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, औषधाचा खर्च कुणाचा? मी म्हटलं सासूबाईंचा. त्यांना ते ओळखायचे, दुकानात यायच्या त्या.

२,६०,००० वर मिटलं. २०,००० त्या दिवशी आणि २,४०,००० हप्त्याने, ४० महिने, शेवटचा हप्ता ३,००० चा. वेळेवर भरलं तर पुढचं व्याज नाही. फोनपेचे १५,००० मी स्टेटमेंट दाखवलं म्हणून शेठनी मान्य केले आणि ते धरूनच आकडा ठरला. रोख दिलेले १५,००० गेले. वसुलीवाल्याने वहीत लिहिलेच नव्हते.

यावर थोडं थांबते कारण हे फार जणांचं होतं. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाच्या बाहेर दिले तर ते कोर्टात नोंदवावे लागतात. समोरच्याने नोंदवले नाहीत तर आपण ३० दिवसांत अर्ज करायचा, आणि तेव्हाही कागद लागतो, बँकेची नोंद किंवा लेखी पावती, नाहीतर समोरच्याची कबुली. काहीच नसेल तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते पैसे धरत नाही, तुम्ही शपथेवर सांगितलंत तरी. म्हणून एक रुपयाही रोख देऊ नका. मी आता प्रत्येक हप्ता बँकेतून पाठवते, शेऱ्यात दरखास्तीचा नंबर टाकते, स्क्रीनशॉट मॅडमना पाठवते आणि पासबुक दर महिन्याला भरून घेते.

सही करताना दुसरी एक अडचण आली. कागद टाईप होऊन आला त्यात एक हप्ता चुकला तर पूर्ण रक्कम ९ टक्क्याने परत लागू असं होतं, आणि मागे रांग, सगळ्यांना घाई, सही करा सही करा. मॅडम दुसऱ्या टेबलावर गेल्या होत्या. मी सही केली नाही. मॅडम येईपर्यंत थांबले, पाच दहा मिनिटं लोक कुरकुरले, कुरकुरू देत. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, मग वाचल्याशिवाय सही कशी करणार? मॅडमनी ती अट बदलून घेतली, लागोपाठ दोन हप्ते चुकले तर, आणि प्रत्येक हप्त्याला दहा दिवसांची सवलत. ही दोन ओळींची दुरुस्ती मला मागच्या वर्षी उपयोगी पडली, सासूबाई ॲडमिट होत्या तेव्हा हप्ता आठ दिवस उशिरा गेला आणि काही झालं नाही. एवढ्या महत्त्वाच्या कागदासाठी माणसाला निवांत बसून वाचायला पाच मिनिटं आणि एक खुर्ची मिळायला हवी, हे मी अभिप्रायाच्या वहीतही लिहून आलेय. तडजोड पटली नाही तर नाही म्हणायचा हक्क आहे, प्रकरण परत कोर्टात जातं, बाकी काही नुकसान नाही, हे तिथे कुणीच मोठ्याने सांगत नाही, ते सांगायला हवं. निवाड्याच्या नकलेला पैसे पडले नाहीत.

आत्तापर्यंत २४ हप्ते गेले, १,४४,०००, सुरुवातीचे २०,००० धरून १,६४,०००. राहिले ९६,०००. एप्रिल २०२७ ला संपेल. तेव्हा शेठकडून रक्कम पूर्ण मिळाल्याची पुरसीस (म्हणजे तसं लेखी निवेदन) कोर्टात द्यायची राहील, त्यासाठी मी येणारच म्हणून मॅडमनी आत्ताच सांगून ठेवलंय. मागच्या दिवाळीत शेठच्या घरून तीन ब्लाऊज शिवायला आले. त्यांचे पैसे मी घेतले, हप्त्यात वळते केले नाहीत, मॅडमनी आधीच बजावलं होतं की शिलाईचा हिशोब वेगळा आणि हप्त्याचा वेगळा.

कुणाला घरखर्चाचा कागद कसा लिहायचा ते बघायचं असेल तर खाली विचारा, माझ्या कागदाचा फोटो नाव झाकून टाकते. फक्त तुमच्या हुकूमनाम्याची तारीख आणि दरखास्त लागली आहे का नाही एवढं सोबत लिहा, म्हणजे हप्ते मागायची ३० दिवसांची मुदत अजून हातात आहे का ते तरी आधी कळेल.